चारित्र्य तासिकेत घडत नाही

(बोईसर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



तरुणांचे चारित्र्य ढासळले, अशी तक्रार आमच्या वयाची माणसे हमखास करतात आणि उपाय म्हणून मूल्यशिक्षणाची आणखी एक तासिका सुचवतात. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. उपदेशाचा पुरवठा वाढवल्याने चारित्र्याचे उत्पादन वाढते, असा अनुभव मला एकदाही आला नाही.

शाळा मुलाला काय सांगते यापेक्षा ती त्याला कसे वागवते, यातून तो घडतो. याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरांमागे रानात जात. म्हणून शाळा कुरणात भरू लागली. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया हाती आल्या.

गैरहजेरीचा दोष मुलाच्या माथी न मारता शाळेने स्वतःला तपासावे, हे यामागचे तत्त्वज्ञान. ज्याच्यासाठी शाळा आपली वाट बदलते, त्याला आपलीही काही किंमत आहे हे उमगते. ही जाणीव हाच चारित्र्याचा पाया होय. 'अंगणवाडी' हे नाव १९७५ च्या सरकारी योजनेने देशभर पोचवले. विचार मात्र तितका पोचला नाही.

आता येथल्या कारखान्यांच्या फाटकांवर उभा राहणारा कंत्राटी तरुण पाहा. दहा वर्षे शाळेने त्याला गप्प बसण्याचे धडे दिले. तारापूरच्या वसाहतीत स्फोटांनी आणि वायुगळतीने कामगारांचे बळी घेतले आहेत. तरीही झडप गळताना दिसली, तर तो बोलेल का? बोलला तर उद्या काम मिळेल का? पाठीशी संघटना नसताना त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करणे हा क्रूरपणा आहे. प्रश्न विचारण्याची सवय शिक्षणाने लावावी. तो प्रश्न विचारणाऱ्याचे रक्षण संघटनेने करावे. एकावाचून दुसरे पांगळेच.

शेवटी एक कटू प्रश्न. या सभागृहात आज पाळीवरचे कंत्राटी कामगार किती आहेत? हात मोजकेच वर येतील. आपण त्यांना उदासीन म्हणतो. ताराबाईंनी मात्र वर्गाची जागा आणि वेळ बदलली असती. पुढचा अभ्यासवर्ग पाळी सुटल्यावर, त्यांच्या चाळीच्या ओट्यावर भरवू या.