तलावावर गळ टाकायला कधी जायचं? त्याआधी कधी जायचं नाही ते ऐका

(आजच्या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवलेत.)

मागच्या काही भागांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता : "दादा, मासे धरायला कोणता महिना चांगला?" आज त्याचंच उत्तर देतो. पण थोडं दमानं, कारण प्रत्येक महिन्यात पाण्याखाली काय चाललंय हे कळलं की उत्तर तुमचं तुम्हालाच सापडतं.

मी राहुरी तालुक्यातला. आमच्याकडे तलाव म्हटलं की पहिलं नाव मुळा धरणाचं. बारागाव नांदूरचं धरण, २६ टीएमसीचं, कागदोपत्री ज्ञानेश्वर सागर. पण मी आज बोलतोय ते आमच्या गावाजवळच्या छोट्या तलावाबद्दल. तिथे आमची मच्छीमार सहकारी संस्था आहे. चुलते जुने सभासद, आणि आता संस्थेचं दप्तर मी बघतो. बोटुकली किती सोडली, मासळी किती निघाली, कुणाच्या नावावर किती लिहिली, हे सगळं माझ्याकडे. आणि सुट्टीच्या दिवशी मी स्वतः गळ घेऊन बसतो. गावाचं नाव सांगत नाही, राग मानू नका. सांगितलं तर रविवारी भिंतीवर बसायला जागा उरणार नाही!

पाणी एकाचं, मासा दुसऱ्याचा

पहिली गोष्ट. खूप जणांना वाटतं, तलावातला मासा म्हणजे देवाची देणगी, ज्याला घावेल त्याचा. तसं नसतं. आपल्या जिल्ह्यात भंडारदरा घ्या, निळवंडे घ्या, आढळा, मुळा, मांडओहोळ, विसापूर, सीना, कोणताही जलाशय घ्या. तो बांधलाय शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी. मासेमारीचा हक्क वेगळा असतो, तो ठेक्यानं दिला जातो. आमच्याकडे ठेका पाच वर्षांचा, आणि मासेमारीचं वर्ष १ जुलै ते ३० जून.

मुंबईत पवई तलाव आहे, १८९१ सालचा. तिथे गळानं मासे धरणाऱ्या हौशी लोकांची संघटना आहे, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. हे लोक छंद म्हणून गळ टाकतात. आपल्याकडे तलावावर असते ती मच्छीमारांची सहकारी संस्था, आणि तिच्या सभासदांचं पोट त्यावर असतं. पण तलाव सांभाळायचा म्हटलं की काम दोघांचं सारखंच : बीज सोडा, राखण करा, आणि योग्य वेळ येईपर्यंत हात आवरा.

हे तिसरं काम सगळ्यात अवघड, बरं का.

पावसाळा : तलावाची पेरणी

आपल्या तलावात मुख्य मासे तीन. कटला, रोहू, मृगळ. तीन मजली घर समजा. कटला वरच्या मजल्यावर, त्याचं तोंडही वरच्या बाजूला वळलेलं. रोहू मधल्या मजल्यावर. मृगळ तळाला, चिखलातलं खाणारा. म्हणून तिन्ही एकत्र सोडतात, एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.

आता गंमत अशी की हे तिन्ही मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना वाहतं, चढतं, गढूळ पाणी लागतं. म्हणून पूर्वी बीज गंगेसारख्या नद्यांमधून गोळा करून आणावं लागायचं. मग १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून अंडी घालून घेतली. आज देशभर मत्स्यबीज केंद्रं चालतात ती त्या कामाच्या जोरावर. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन.

केंद्रात आधी मिळतात मत्स्यजिरे, नावाप्रमाणे जिऱ्याएवढे. ते वाढवून बोटाएवढे झाले की बोटुकली. तलावात सोडायची ती बोटुकलीच. जिरे सोडले तर मोठे मासे नाश्ता करतात.

बोटुकली आणली की पिशवी थेट ओतायची नाही. ऑक्सिजन भरलेली ती पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटं तलावाच्या पाण्यात तरंगू द्यायची, आतलं-बाहेरचं तापमान सारखं होऊ द्यायचं, मग हळूहळू तलावाचं पाणी आत घ्यायचं. एवढा धीर धरला नाही तर पैसे देऊन आणलेली बोटुकली तासाभरात उलटी पडते. आणि तलाव सांडव्यावरून वाहत असेल तर थांबायचं, नाहीतर आपली बोटुकली खालच्या गावाला!

आता गळवाल्यांनो, तुमच्यासाठी. मृगाचा पाऊस पडला, ओढ्याला पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलटे वर चढतात. चढणीचे मासे. गावोगाव लोक काठ्या, साड्या, मच्छरदाण्या घेऊन ओढ्यात उतरतात. वर्षानुवर्षांची हौस आहे, मला मान्य आहे. पण बघा, त्या वेळी मादीच्या पोटात अंडी असतात. रोहूची एक किलोची मादी लाखाच्या वर अंडी घालते. सगळी जगत नाहीत, पण तुम्ही एक मासा धरला असं समजू नका.

मरळेचं तर याहून वेगळं. पावसाळ्यात काठाजवळच्या गवतात पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा पुंजका हलताना दिसतो. त्याच्या खाली नर-मादी राखणीला असतात. तिथे बेडकाचं आमिष टाकलं की मरळ झेप घेणारच, कारण तिला वाटतं पिल्लांवर हल्ला आलाय. फोटो भारी येतो. पण राखणदार गेला की तो अख्खा पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

म्हणून जून, जुलै, ऑगस्टमध्ये आमच्या तलावावर जाळंही नाही आणि गळही नाही. शिवाय काठ निसरडा, पाणी गढूळ, ओढा कधी फुगेल सांगता येत नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाणारे भाऊबंद जीव मुठीत धरून जातात. लाइफ जॅकेट घाला रे बाबांनो.

ऑक्टोबर ते जानेवारी : गळाचे दिवस, आणि पाण्याचं राजकारण

पाऊस ओसरला, पाणी निवळलं, ऊन तापलं. ऑक्टोबर हा माझा आवडता महिना. मासा खायला लागतो. सकाळी उजाडताना आणि दिवस मावळताना बसा. कणकेचा गोळा, शेंगदाण्याची पेंड, गांडूळ, यांतलं काहीही चालतं. तळाला टाकलं तर मृगळ किंवा सायप्रिनस, मध्यावर रोहू. कटला हवा असेल तर आमिष वर ठेवायला शिका.

याच महिन्यात आमच्याकडे दुसरी एक चर्चा सुरू होते. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असला, तर वरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचा प्रश्न येतो. समन्यायी पाणीवाटप म्हणतात ते हेच, २००५ च्या कायद्यातून आलेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुळा आणि प्रवरेच्या धरणांतून असं पाणी सोडलं गेलं. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद तुम्ही बातम्यांत ऐकलाच असेल. मी त्यात पडत नाही, खालच्यांनाही तहान आहे. पण त्या सगळ्या हिशोबात पिण्याचं पाणी आहे, शेती आहे, कारखाने आहेत. मासा कुणाच्या वहीत नाही. पाणी कमी झालं की माशाचं घर लहान होतं, एवढं लक्षात ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी कडक. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याची भूक मंदावते. पहाटे कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. अकरा ते तीन या वेळात, जिथे ऊन पडतं आणि वारा कमी लागतो अशा बाजूला बसा. आमिष बारीक ठेवा.

उन्हाळा : खरी परीक्षा

फेब्रुवारीपासून जाळी पडतात. आणि उन्हाळी आवर्तन सुटलं की पाणी दर आठवड्याला खाली जातं. मे महिन्यात तलावाचं डबकं होतं. पसरलेला सगळा मासा एका जागी गोळा. पाग फेकला की भरून येतो. आता यात वाईट काय, असं तुम्हाला वाटेल.

साधा हिशोब करू. समजा १०० हेक्टरचा तलाव. हेक्टरी हजार धरून १ लाख बोटुकली सोडली. वाटेत मरून, खाऊन, वाहून समजा २० हजार मासे उरले. ते एक-एक किलोचे झाल्यावर काढले तर २० टन. तेच पावशेराचे असताना काढले तर ५ टन. पाण्यानं फुकट वाढवून दिलेली १५ टन मासळी आपण घालवली. वर बारीक माशाला भावही कमी.

म्हणून जाळ्याचा आस महत्त्वाचा. आस मोठा असला की लहान मासा निसटतो. बारीक आसाचं तंगूस लावलं की सगळं अडकतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या तलावात रात्रीतून कुणीतरी असंच जाळं लावलं. सकाळी काठावर तळहाताएवढे रोहू टाकून दिलेले, विकायलाही नेले नव्हते. जुलैत सोडलेली आमचीच बोटुकली होती ती.

याचं पुढे काय होतं ते दप्तर बघणाऱ्याला आधी दिसतं. मासळी कमी, म्हणजे पैसे कमी. पैसे कमी, म्हणजे पुढच्या जुलैत बोटुकली कमी. असं दोन वर्षं झालं की ठेक्याची रक्कम भरायची पंचाईत. आणि संस्था मागे हटली की तलाव बाहेरच्या माणसाच्या हातात जातो, आणि काठावर राहणारी माणसं त्याच्याकडे रोजंदारीवर जाळी ओढतात. पाणी तेच, मासा तोच, फक्त हक्क गेला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, चांगली गोष्ट आहे. पण शेतकरी कोवळं पीक कापत नाही. आपणही शेतकऱ्यासारखं वागायला हवं ना?

उन्हाळ्यातलं अजून एक. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर आनंदानं जाळं टाकू नका. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, रात्रभर शेवाळ आणि वनस्पतीही तो वापरतात, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. ढगाळ हवेत किंवा वळवाच्या पावसानं तळ ढवळला की एका रात्रीत मासे मरतात. लोक लगेच म्हणतात, कुणी विष टाकलं. कधी तसंही असतं. पण पहाटेची वेळ असेल आणि आधी मोठे मासे मेले असतील, तर पहिला संशय ऑक्सिजनवर घ्या आणि संस्थेला फोन करा.

तुमचे प्रश्न, पटापट

*गळ टाकायला परवानगी लागते का?* ठेका संस्थेकडे असेल तर संस्थेला विचारा. बहुतेक ठिकाणी चांगलं बोललात तर चहाही मिळतो.

*कोणता मासा बिनधास्त धरू?* चिलापी. १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणलेला मासा. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे साठलेल्या पाण्यातही तिची संख्या भराभर वाढते. तव्यावर झकास लागते. न्या की!

*लहान मासा लागला तर?* हात ओले करा, कल्ल्यात बोट घालू नका, गळ पाण्याजवळच काढा आणि सोडा. फोटो काढायचा तर श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की माशाचीही वेळ संपली.

*घरच्या टाकीतले मासे तलावात सोडू का?* अजिबात नाही. काच साफ करणारा सकर मासा असाच सोडला जातो, तो जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक नाही. परदेशी मांगूर तर सरकारनं २००० सालीच बंदी घातलेला.

*सुरुंग, पावडर?* १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पुढचा प्रश्न.

तर मंडळी, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. थंडीत दुपारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळ-संध्याकाळ. मे महिन्यात डबक्यावर तुटून पडू नका, आणि पावसाचे तीन महिने गळ घरात टांगून ठेवा. त्या दिवसांत यायचंच असेल तर आमच्याकडे बोटुकली सोडायला या. पिशव्या उतरवायला माणसं कायम कमी पडतात, आणि त्या कामाला परवानगी लागत नाही.

तुमच्या गावच्या तलावाचा ठेका कुणाकडे आहे, बोटुकली कधी सोडतात, हे एकदा विचारून बघा आणि मला कळवा. पुढच्या भागात जाळी विणणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांबद्दल बोलू. तोपर्यंत, राम राम!