बैलाची भूल



ऊस वाहणाऱ्या गाडीवानांच्या मजुरीवर आम्ही बोलू, अशी आपली समजूत झाली असेल. मजुरीवर आम्ही वर्षभर बोलतोच. आज बैलाला भूल कशी देतात ते सांगायचे आहे. मजुरी त्यात आपोआप येईल. आमची शाळा सातवीत सुटली. हे सारे गुरांच्या दवाखान्यात दोर धरून उभे राहून आणि डॉक्टरांना विचारून शिकलो.

बैलाच्या शिंगाला कॅन्सर होतो. शिंग झुकते, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते, बैल डोके झटकतो. मग शिंग बुडापासून कापावे लागते. त्यासाठी १९६२ साली जर्मनीत निघालेले झायलाझीन टोचतात. घोड्याला जेवढे लागते त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात बैल गुंगतो. ४०० किलोच्या बैलाला ४० मिलिग्रॅम पुरते. घोड्याच्या हिशेबाने बैलाला सुई दिली तर काय होईल, ते सांगायला नको. दहा-पंधरा मिनिटांत मान खाली येते, लाळ गळू लागते. पण गुंगी म्हणजे बधिरता नव्हे. डोळ्याच्या मागून शिंगाच्या बुडाकडे हाडाची जी कड जाते, तिच्याखाली शिंगाचा मज्जातंतू असतो. तिथे लिग्नोकेन वेगळे द्यावे लागते.

खरी भीती पोटाची. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात शंभर लिटरांहून अधिक माल मावतो. शुद्धीत तो ढेकर देऊन वायू सोडतो. गुंगीत कुशीवर पडला की वायू कोंडतो, पोट फुगते, फुप्फुसे दबतात. पोटातले वर येऊन श्वासनळीत गेले तर त्याहून वाईट. म्हणून वैरण २४ तास बंद, पाणी १२ तास बंद. बैल छातीवर बसता ठेवायचा आणि तोंड घशापेक्षा खाली, म्हणजे लाळ बाहेर वाहते.

आमच्या एका गाडीवानाच्या बैलाचे असे शिंग कापायचे होते. मुकादमाने मोठ्या मिनतवारीने एक दिवसाची सुट्टी दिली. उचल फिटायची होती, दुसरी सुट्टी मिळणार नव्हती. पहाटे त्याने बैलाला वाढ्यांची पेंढी टाकली. मुके जनावर उपाशी कसे ठेवायचे, हे त्याचे म्हणणे. डॉक्टरांनी विचारले, "काही घातले नाही ना?" तो म्हणाला, "नाही साहेब." ती पेंढी आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. खरे सांगितले असते तर परत पाठवतील, आणि ती सुट्टी आम्हीच भांडून मिळवलेली. आम्ही गप्प राहिलो.

शिंग निघाले. पण मध्येच बैलाच्या तोंडानाकातून हिरवे पाणी आले. डॉक्टरांनी डोके खाली ओढले, गुंगी उतरवणारी योहिम्बीनची सुई दिली; बैल उठलाही. तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागली, पाचव्या दिवशी तो गेला. फुप्फुसात वैरणीचे पाणी उतरले होते. डॉक्टरांचा दोष नव्हता. आम्ही त्यांना पेंढीचे सांगितले, पण बैल गेल्यावर. जोडीतला एक बैल राहिला; गाडीवानाने उरलेला हंगाम बायकोबरोबर कोयत्यावर काढला आणि उचल अंगावर घेऊनच गावी गेला.

पुढच्या हंगामात आमच्या मागणीपत्रात एक कलम वाढले: बैलाच्या शस्त्रक्रियेसाठी दोन दिवस, आदल्या दिवसासह. मुकादम हसले. बैलाला कसली आदल्या दिवशीची रजा, म्हणाले. दोन हंगाम भांडून ते मान्य झाले.

ते डॉक्टर आता 'काही घातले नाही ना?' असे विचारत नाहीत. "सकाळी काय घातलेत?" एवढेच विचारतात, आणि गाडीवान सांगतात.