दक्षिणेची भिंत आणि गरम पाणी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या पुण्यातील विद्यार्थी-वसतिगृहाची जुनी दुमजली इमारत पाडून तेथे तळमजला व त्यावर सहा मजले बांधण्याचा ठराव आपण संमत केला आहे. नकाशे अद्याप महापालिकेत गेलेले नाहीत. म्हणूनच आंघोळीच्या पाण्यासारखा वरवर क्षुल्लक वाटणारा विषय घेऊन आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

इमारत-समितीने नव्या वास्तूत विजेचे गीझर योजिले आहेत. 'सोलरला गच्चीवर जागा उरत नाही' हे समितीचे म्हणणे खोटे नाही. लिफ्टची खोली, पाण्याच्या टाक्या आणि सौरविजेची पॅनेले मांडली की गच्ची संपते. परंतु इमारतीस गच्चीखेरीज भिंतीही असतात, आणि त्यांपैकी एक दक्षिणेकडे तोंड करून उभी आहे. तिचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

प्रथम थोडा हिशेब करू. १२० विद्यार्थी आणि प्रत्येकी २० लिटर कढत पाणी धरले तर रोजचे २४०० लिटर झाले. २० अंशांचे १०० लिटर पाणी ६० अंशांवर नेण्यास ४००० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि एका युनिट विजेतून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे १०० लिटरांस साडेचारांहून किंचित अधिक युनिटे, आणि वसतिगृहास रोज सुमारे ११२. हिवाळ्याच्या १२० दिवसांत हा आकडा तेरा हजारांवर जातो. हे बिल शेवटी शुल्कातूनच वसूल होणार, आणि शुल्क आजही दोन-तीन हप्त्यांनी भरणारी कुटुंबे या सभागृहात बसलेली आहेत.

सूर्याच्या उष्णतेने पाणी तापविणारी पेटी अगदी साधी असते. काळा लेप दिलेला तांब्याचा पत्रा, त्यास जोडलेल्या नळ्या, वर काच, पाठीशी उष्णता अडविणारा थर. १०० लिटर पाण्यास अशी सुमारे दोन चौरस मीटर पेटी लागते. भिंतीने ऊन झेलावे ही कल्पनाही आजची नव्हे. अमेरिकेतील एडवर्ड मोर्स याने १८८१ साली काचेआड काळा पृष्ठभाग ठेवून खोली उबदार करणाऱ्या भिंतीचे पेटंट घेतले होते, आणि फ्रान्समध्ये ओदेयो येथे फेलिक्स त्रोंब व जाक मिशेल यांनी १९६७ साली तशी घरे बांधली. पुढे ऑस्ट्रियात पाणी तापविणाऱ्या पेट्याच भिंतीचा भाग म्हणून बसविल्या गेल्या. चीनमधील उंच इमारतींत त्या सज्जाच्या कठड्याला लावतात.

मात्र ऑस्ट्रियाची नक्कल येथे जशीच्या तशी चालणार नाही. व्हिएन्ना ४८ अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशच वर येतो, म्हणून उभ्या भिंतीस जवळजवळ समोरून भिडतो. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. येथे २२ डिसेंबरासही मध्यान्हीचा सूर्य ४८ अंश उंच असतो. परिणामी, सूर्यासमोर नीट कलत्या ठेवलेल्या पेटीस जेवढे ऊन मिळेल त्याच्या दोन-तृतीयांशच उभ्या भिंतीवरील पेटीस मिळते. मार्चअखेर हा हिस्सा एक-तृतीयांशाहूनही खाली येतो. आणि मेच्या मध्यावर, ज्यास आता सारे 'शून्य सावली दिवस' म्हणून ओळखतात, त्या दिवशी भर दुपारी दक्षिण भिंतीवर ऊन पडतच नाही.

हे ऐकून समितीतील आमचे मित्र म्हणतील, मग भिंतीचा उपयोग काय? उपयोग असा की कढत पाण्याची गरज कार्तिकापासून माघापर्यंत, आणि भिंतीवर ऊनही त्याच काळात. मे महिन्यात वसतिगृह रिकामे असते. गच्चीवरच्या पेट्या त्या दिवसांत वापराविना उकळत राहतात, आणि त्यांतील सांधे-रबर लवकर खराब होतात. दक्षिण भिंत तेव्हा आपोआप विसावा घेते.

तरीही आमचा आग्रह सपाट भिंतीचा नाही, छज्ज्याचा आहे. खिडकीवर छज्जा आपण घालणारच आहोत. तो सिमेंटचा न घालता सुमारे ३५ अंश उतरती तापपेटीच छज्जा म्हणून बसवावी. डिसेंबरचे जवळजवळ पूर्ण ऊन तिला मिळेल आणि खिडकीस सावलीही होईल. पेटीची रुंदी एक मीटर धरली तर डिसेंबरच्या दुपारी वरच्या छज्ज्याची सावली त्याच्या कडेपासून सुमारे तीन फूट खाली संपते, खालच्या ओळीपर्यंत पोचत नाही.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दक्षिणेस नऊ मीटरचा रस्ता आहे, आणि पलीकडच्या जागेवरही आज ना उद्या एकवीस मीटरची इमारत उभी राहील. तिची सावली डिसेंबरात आपल्या भिंतीवर सुमारे अकरा मीटरपर्यंत चढेल. म्हणून खालचे मजले सोडून द्यावेत. वरच्या तीन मजल्यांवर अठरा मीटर लांबीच्या तीन ओळी, म्हणजे ५४ चौरस मीटर. आपणांस ४८ पुरेत. टाकी गच्चीवर आणि पेट्या तिच्या खाली, त्यामुळे तापलेले हलके पाणी आपोआप वर चढते व गार पाणी खाली येते. मात्र नळ्या लांब होतात, तेव्हा त्यांना आवरण चांगले हवे.

काचेविषयी कोणतीही काटकसर नको. खाली मुले उभी राहतात. काच टणक केलेलीच असावी, आणि छज्ज्याचे लोखंडी बाहू भिंतीच्या ओतकामातच बसवावेत, मागाहून खिळे ठोकून नव्हे.

जुन्या इमारतीवरचा अनुभव आपण विसरलेलो नाही. २०११ साली मोठ्या उत्साहाने गच्चीवर पेट्या बसविल्या, आणि कूपनलिकेच्या जड पाण्याने चार वर्षांत नळ्या चुन्याने बुजल्या. विकणारा गृहस्थ पुन्हा फिरकला नाही. त्या पेट्यांखाली पारव्यांनी घरटी केली, आणि गेल्या थंडीत परीक्षेच्या दिवसांत मुलांनी गार पाण्याने आंघोळी केल्या. दोष उन्हाचा नव्हता. या वेळी पेट्यांतून वेगळे, स्वच्छ पाणी फिरते ठेवावे आणि त्याने टाकीतील पाणी वेटोळ्या नळीतून तापवावे, म्हणजे जड पाणी पेट्यांत शिरणारच नाही. खर्च काही वाढेल. तो आम्ही लपवीत नाही.

आमची विनंती अशी की नकाशे महापालिकेत जाण्यापूर्वी वास्तुविशारदांकडून दक्षिण भिंतीचा स्वतंत्र नकाशा मागवावा, आणि त्यात या तीन ओळी व नळ्यांचा मार्ग दाखवून घ्यावा. शाळेत भूगोलाच्या तासास आम्ही मुलांकडून काठीची सावली मोजून घेत असू. गेल्या २२ डिसेंबरास वसतिगृहाच्या आवारात पुन्हा एकदा मीटरभर काठी रोविली. मध्यान्हीस सावली नव्वद सेंटिमीटर भरली. सकाळी नऊपासून चारपर्यंतच्या सर्व मोजमापांचा कागद चिटणीसांच्या हाती दिला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी तो अवश्य मागून घ्यावा.