हुंडी ते यूपीआय : सोय आणि सावधानता



रोख रक्कम बाळगून प्रवास करणे जोखमीचे होते, त्या काळी पेढ्यांचा व्यवहार हुंडीवर चाले. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत. हुंडी गहाळ झाल्यास 'पेठ' आणि तीही हरवल्यास 'परपेठ' लिहून दिली जाई. सोय स्वीकारताना तिच्यातील धोक्याची तरतूदही पूर्वजांनी करून ठेवली होती.

२०१६ साली सुरू झालेली यूपीआय ही जणू आजची दर्शनी हुंडीच होय. खातेदाराचा नोंदणीकृत मोबाईल आणि त्याचा गुप्त पिन अशी दुहेरी खात्री तिच्यात होते. भाजीविक्रेत्यापासून घाऊक कापडबाजारापर्यंत रक्कम क्षणात पोहोचते व नोंद आपोआप राहते. ज्या लहान दुकानदाराने कधी खातेवही ठेवली नाही, त्यालाही कर्ज मागताना ही नोंद उपयोगी पडते.

परंतु याच वेगाचा लाभ चोरालाही मिळतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरट्यांनी बनावट यंत्रणा उभी केली. खात्यातील शिल्लक न तपासताच ती मंजुरी देत राहिली. बनावट कार्डांद्वारे २८ देशांतून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. एकूण हानी ९४ कोटींहून अधिक झाली. तिजोरीचे कुलूप मात्र कोणी तोडले नव्हते!

तेथे यंत्र फसले. घरोघरी माणूस फसवला जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आता मुलाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून पैसे मागता येतात. पोलिसांच्या वेशातील अनोळखी व्यक्ती व्हिडिओ कॉलवर वृद्धांना 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालते. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही.

उपाय साधे आहेत. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. पैशांची तातडीची मागणी आल्यास फोन ठेवून, आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. दुकानातील अथवा देणगी कक्षातील क्यूआर कोडवर दुसरा कागद चिकटवलेला नाही ना, हे रोज पाहावे. जमेचा मेळ मोबाईलवरील संदेशावरून न घालता बँकेच्या उताऱ्यावरून घालावा.

आणि फसवणूक झालीच, तर लज्जेपोटी ती लपवू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते. विलंबाने ती मावळते. पत जाईल या भयाने गप्प राहणारा ज्येष्ठ पैसाही गमावतो आणि मनःशांतीही. अशा वेळी त्याला दोष न देता आधार देणे, हे कुटुंबाचे व समाजाचे कर्तव्य आहे.

साधने बदलली, तरी खात्री करूनच पैसे देण्याची पेढीची शिस्त बदलण्याचे कारण नाही. तरुणांनी ज्येष्ठांना यंत्र शिकवावे, ज्येष्ठांनी तरुणांना ही शिस्त शिकवावी.

जय जिनेंद्र!