अख्खी टर्की गॅसच्या शेगडीवर
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



पाककृतीच्या कार्यक्रमात आजवर आपण वड्या, चकल्या, मसाले असे पुष्कळ ऐकले. आजचा पदार्थ परमुलखातला आहे. परंतु आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकीसुना अमेरिकेत संसार करीत आहेत, आणि नोव्हेंबरात त्यांच्याकडे गेले की हा पदार्थ समोर येतोच. ज्या भगिनी मांसाहार करीत नाहीत, त्यांनीही थोडे ऐकावे. कारण मी मुख्यतः विस्तवाविषयी बोलणार आहे.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो. १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी त्याची राष्ट्रीय घोषणा केली आणि चौथा गुरुवार हा दिवस १९४१ च्या कायद्याने कायम झाला. त्या दिवशी घरोघर टर्की असते. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातलाच. आपल्या देशात तो गोव्याच्या वाटेने आला. मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेली टर्की पाहून जहांगीर बादशहाने उस्ताद मन्सूरकडून तिचे चित्र काढून घेतले. ती गोष्ट १६१२ सालच्या सुमाराची. गोव्यात या पक्ष्याला पेरू म्हणतात, कारण पोर्तुगीजांचा शब्द तोच. तेव्हा नाताळात कोणी पेरू खायला बोलावले, तर फळ समजू नका!

२०२२ च्या नोव्हेंबरात मी धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीत होते. तिने परसात गॅसच्या शेगडीवर टर्की केली. तिकडे त्या शेगडीला ग्रिल म्हणतात. लोखंडी पेटी, आत बर्नर, वर जाळी आणि वर मोठे झाकण, अशी तिची रचना असते.

पक्षी १२ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंचा होता. आपल्या बाजारातली साफ केलेली कोंबडी किलो-सव्वा किलोची. एवढे मोठे धूड थेट जाळावर ठेवले, तर कातडी कोळसा होते आणि मांडी आत कच्ची राहते. म्हणून तीन बर्नर असतील तर दोन्ही कडांचे पेटवायचे, मधला बंद ठेवायचा आणि पक्षी मधोमध, छाती वर करून ठेवायचा. खाली उथळ ट्रेमध्ये थोडे पाणी घालायचे, म्हणजे गळणारी चरबी पेटत नाही. झाकण लावले की चोहोकडून धग लागते. अलिबागकडे पोपटी करतात तेव्हा मडक्याभोवती जाळ असतो आणि आतल्या वालाच्या शेंगा वाफेवर शिजतात, तसेच हे समजा. आतली उष्णता ३२५ ते ३५० अंश फॅरनहाइट राखायची आणि झाकण वारंवार उघडायचे नाही. दर वेळी उघडले की धग निघून जाते. बर्नर दोनच असतील, तर एक पेटवून पक्षी दुसऱ्या बाजूस ठेवावा आणि अर्ध्या वेळानंतर फिरवावा.

तयारी मात्र तीन दिवस आधीपासून करावी लागते. गोठलेली टर्की ओट्यावर ठेवून देऊ नये. वरचा भाग उबेला येऊन तेथे जंतू वाढतात आणि आत बर्फ तसाच राहतो. ती फ्रिजमध्ये खालच्या खणात, खोलगट ताटात ठेवावी. दर चार-पाच पौंडांस एक दिवस धरावा. पोटात मान आणि काळीज-पेटा यांची पुडी असते, ती काढावी. आदल्या दिवशी मीठ चोळावे. पण वेष्टनावर मिठाचे पाणी आधीच भरल्याचे लिहिले असेल, तर चोळू नये. पोटात सारण भरू नये, कारण ते आत नीट तापत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याला विचित्र वाटेल: पक्षी नळाखाली धुवायचा नाही. शिंतोड्यांबरोबर जंतू मोरीभर, भांड्यांवर आणि कोशिंबिरीवर उडतात. ते धुण्याने मरत नाहीत, शिजण्याने मरतात. हात मात्र साबणाने धुवावेत.

आता मुख्य गोष्ट. अडीच तासांत कातडी सुरेख सोनेरी झाली. घरात बारा पाहुणे होते, त्यांत सत्तरी उलटलेली दोघे आणि दोन वर्षांचे एक मूल. बहिणीचे सासरे म्हणाले, "सूनबाई, झाली की आता! पाहुणे खोळंबलेत." माझ्या बहिणीने मांडीच्या आतल्या भागात, हाडाला टेकणार नाही अशी, मांसाच्या थर्मामीटरची सुई खुपसली. काटा १४० वर होता. ती म्हणाली, "बाबा, १६५ झाल्याखेरीज मी वाढणार नाही. तोवर सूप घ्या." सासरे जरा नाराज झाले, पण तिने झाकण लावले. पुढे चाळीस मिनिटे लागली. छाती, मांडी आणि पंखाचे मूळ, तिन्ही ठिकाणी १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, झाल्यावरच पक्षी उतरवला, वीस मिनिटे तसाच ठेवला आणि मग कापला. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतला. रंग, वास, घड्याळ यांवरून पक्षी आतून शिजला की नाही हे कळत नाही. पाहुण्यांसमोर खोळंबा झाला म्हणून संकोचून कच्चे वाढले, तर त्याची शिक्षा घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना भोगावी लागते.

गॅसविषयी दोन शब्द. नळी जोडल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले तर गॅस गळतो आहे. पेटवताना झाकण उघडे असावे, नाही तर आत गॅस साठून भडका होतो. पेटले नाही तर बंद करून पाच मिनिटे थांबावे. थंडी आहे म्हणून शेगडी घरात किंवा मोटारीच्या खोलीत मुळीच ओढू नये. कोंडलेल्या जागी जळणाचा जो विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो.

उरलेले मांस दोन तासांच्या आत उथळ डब्यांत फ्रिजमध्ये ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे. हाडांचे सूप उत्तम होते.

ज्या भगिनी यंदा परदेशी जाणार आहेत, त्यांनी १६५ हा आकडा चिठ्ठीवर लिहून सामानात ठेवावा. येथे राहणाऱ्या आपणांसही तो उपयोगी आहे, कारण घरी अख्खी कोंबडी भाजली तरी नियम तोच. सुईचा थर्मामीटर फार महाग नसतो. मंडळाच्या स्वयंपाकघरासाठी एक घ्यावा, अशी कार्यकारिणीस माझी विनंती आहे.