विषाची परीक्षा

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विषाची परीक्षा पाहू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. माझ्या वाट्याला मात्र जन्मभर नेमका तोच उद्योग आला. रसायने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ३५ वर्षे काढून मी निवृत्त झालो. तेथे आम्ही काय करीत होतो हे थोडक्यात सांगावे आणि शेवटी आपल्या चरणी एक विनंती ठेवावी, एवढाच आज माझा हेतू आहे.

विषे दोन प्रकारची असतात. एक पोटात जाताच आपली ओळख पटविते. दुसरे मुके असते. त्याने पोट दुखत नाही की ताप येत नाही. ते पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांच्या मजकुरातील एखादे अक्षर बदलते, नाही तर गुणसूत्राचा तुकडा पाडते. अशा पुष्कळशा चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. परंतु जी राहून जाते, तिच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातात. त्यातून वीस-तीस वर्षांनी कर्करोग उद्भवला, तर मूळ कारण कोणाच्या ध्यानात राहणार? रासायनिक पदार्थ आनुवंशिक गुणांत असा फेरफार घडवू शकतात, हे शार्लोट आउअरबाख या विदुषीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडिंबरो येथे मस्टर्ड वायूचा फळमाशीवर प्रयोग करून दाखवून दिले.

या मुक्या विषाला बोलते करण्याची एक सोपी युक्ति अमेरिकेतील बर्कली येथील ब्रूस एम्स या शास्त्रज्ञाने काढली. साल्मोनेला नावाच्या जिवाणूंचे काही वाण असे आहेत, की त्यांना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनविता येत नाही. ते जवळजवळ नसलेल्या बशीत हे जिवाणू उपाशी राहतात. परंतु बशीत घातलेल्या रसायनाने जनुकात बदल घडविला, तर त्यातील काहींना गमावलेली शक्ति परत मिळते आणि दोन दिवसांत त्यांच्या वसाहती टिपक्यांसारख्या उगवतात. थोड्या वसाहती एरवीही उगवतात. म्हणून शेजारी रसायन न घातलेली बशी ठेवून दोहोंची तुलना करावयाची. काही पदार्थ मूळचे निरुपद्रवी असून आपल्या यकृतात गेल्यावर घातक बनतात. ते निसटू नयेत म्हणून १९७३ साली एम्स यांनी या कसोटीस उंदराच्या यकृताच्या अर्काची जोड दिली. तिचे स्वामित्वहक्क न घेता त्यांनी आपले जिवाणू जगभरच्या प्रयोगशाळांना मुक्तहस्ते वाटले. २०२४ साली ते निवर्तले.

हा केवळ विद्वानांचा खेळ नव्हे. जपानात १९६५ पासून टोफू आणि मासळीचे पदार्थ टिकविण्यासाठी एएफ-२ नावाचे रसायन वापरीत असत. प्राण्यांवरील आरंभीच्या प्रयोगांत त्याचा दोष दिसला नव्हता. लोक ते निर्धास्तपणे खात होते. १९७३ च्या सुमारास जिवाणूंच्या बशीने त्याविरुद्ध साक्ष दिली. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशींची गुणसूत्रेही त्याने तुटलेली दिसली. मग प्राण्यांवर पुन्हा प्रयोग झाले, त्यांत गाठी आढळल्या, आणि १९७४ साली त्यावर बंदी आली. मधली नऊ वर्षे ते घरोघरच्या जेवणात होते.

तथापि बशी म्हणजे माणूस नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ॲस्बेस्टॉससारखा घातक पदार्थ या जिवाणूंना चकवून जातो. उलट आपण रोज खातो त्या वनस्पतींतही कसोटीत दोषी ठरणारी द्रव्ये असतात, आणि मात्रेचा विचार न करता घाबरू नका, असे पुढे खुद्द एम्स यांनीच बजावले. म्हणून जिवाणू, मानवी पेशी आणि प्राणी अशा अनेक कसोट्या एकामागून एक घेतात. एका कसोटीत सापडलेला पदार्थ संशयित असतो. निकाल सर्व साक्षी झाल्यावरच लागतो.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. माझी आजी पहाटे चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजीत असे. त्या मिश्रीचा वास म्हणजे माझ्या लहानपणची पहाट. पुढे मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तंबाखू, मिश्री आणि पानमसाला यांचे अर्क याच कसोट्यांना लावण्यात आले, आणि ते जनुकांत बदल घडविणारे ठरले. गुणसूत्र तुटले म्हणजे त्याचा तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर इवल्या केंद्रकासारखा राहतो. तंबाखू-सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाच्या पेशींत अशी लघुकेंद्रके अधिक दिसतात. येथे तर प्रश्न संशयाशी थांबलेला नाही. तंबाखूचा दोष पूर्वीच सिद्ध झाला होता; नुसती सुपारीही माणसास कर्करोग करते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली जाहीर केला. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. परंतु घरच्या डबीवर सरकार कशी बंदी घालणार?

कोणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या खात आलो, कोणाला काय झाले? माझ्या आजीला काय झाले, हे मीही सांगू शकत नाही. अखेरच्या वर्षी तिला तिखट सोसेना, तोंड पुरते उघडेना. म्हातारपण म्हणून आम्ही स्वस्थ बसलो. तिचे तोंड कोणी तपासलेच नाही. ‘काही झाले नाही’ आणि ‘कोणी पाहिले नाही’ यांत अंतर आहे.

म्हणून विनंती अशी. आपल्या कार्यालयात पंगत उठली की तबक फिरते. त्यातून तंबाखूची डबी आणि कातरलेली सुपारी काढून टाकावी आणि बडीशेप, धनाडाळ, खोबऱ्याचा कीस ठेवावा. पूजेत गणपती म्हणून मांडलेल्या सुपारीला माझा नमस्कारच आहे. ती आपण खात नाही, पुजतो. तसेच ज्यांच्या तोंडात पांढरा चट्टा वा न भरणारी जखम असेल, त्यांनी संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे.

विषाची परीक्षा प्रयोगशाळेत होऊन चुकली आहे. ती आता आपल्या मुलाबाळांच्या तोंडात पुन्हा घेण्याचे कारण उरलेले नाही.