गोंगाट गिळणारे हेडफोन आणि किल्लारीचे कान



आज मी हेडफोनवर बोलणार आहे. साधे नव्हेत, वायर नसलेले, तीस-पस्तीस हजारांचे, भोवतालचा गोंगाट गिळून टाकणारे. किल्लारीत बसून हा विषय कुठून काढला, असं कुणी विचारील. पण पुण्या-हैदराबादेहून सणाला गावी येणाऱ्या पोरांच्या गळ्यात हल्ली हेच लटकलेलं असतं, आणि सुट्टी संपेपर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर ते एकदा तरी चढतंच. पुतण्यांच्या, भाच्यांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या कृपेने सोनी, बोस, सेनहायझर आणि अॅपल अशा चारही घराण्यांची ओळख मला झाली. खिशाला झळ न लागता मत बनवायची संधी कोण सोडतो?

यामागची युक्ती जुनी आहे. आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्या उंचवट्यावर बरोबर दुसऱ्या लाटेचा खळगा आणून ठेवला, की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला १९३६ साली अमेरिकेत याचं पेटंट मिळालं. पण ती युक्ती कानावर बसवण्याची खटपट केली ती अमर बोस यांनी. वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, मुलगा अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक. १९७८ साली झुरिकहून घरी परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर गाणं लावलं, तर इंजिनाच्या घरघरीपुढे काही ऐकूच येईना. बोस यांनी प्रवासातच वही काढून गणित मांडायला घेतलं. पुढे १९८६ मध्ये न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानाच्या दोन्ही वैमानिकांच्या कानांवर त्यांचे नमुन्याचे हेडफोन होते. १९८९ पासून वैमानिकांना ते विकत मिळू लागले, आणि २००० साली तुमच्या-माझ्यासारख्या प्रवाशांना.

म्हणजे हे यंत्र मुळात इंजिनावर मात करायला जन्मलं. त्याच्या गुणांचा आणि मर्यादांचा उगम तिथेच आहे. बाहेरचा आवाज बारीक मायक्रोफोन टिपतात, आतली चिप त्याची उलटी लाट तयार करते आणि तीच गाण्याबरोबर कानात सोडते. खालच्या पट्टीतल्या, एकसारख्या आवाजाशी हे गणित छान जुळतं. वरच्या पट्टीतले, एकाएकी उठणारे आवाज त्याच्या तावडीत तितकेसे सापडत नाहीत. ते अडवायचं काम कानाभोवतीच्या गादीचं.

लातूरहून येणाऱ्या एसटीत हे लख्ख कळतं. मागच्या चाकावरची सीट धरायची आणि बटण दाबायचं. कानावर क्षणभर किंचित दाब आल्यासारखं वाटतं आणि इंजिनाचं हुंकारणं जणू कुणीतरी खाली दाबून धरतं. खिडकीच्या काचेचा खडखडाट मात्र शिल्लक राहतो, आणि कंडक्टरने ‘किल्लारी पाटी’ अशी हाळी दिली की तीही ऐकू येते. बरंच आहे म्हणायचं, नाहीतर थेट उमरग्याला उतरावं लागलं असतं. घरात कूलर, पिठाची गिरणी, लांबवर चाललेलं सोयाबीनचं मळणीयंत्र, हे सगळं यांच्या आवाक्यातलं. उसाच्या ट्रॅक्टरवरच्या टेपापुढे मात्र चौघांनीही हात टेकले.

आता निवडीचं बोलू. आवाज गिळण्यात सोनी आणि बोस पुढे, आणि त्यातही मला बोस उजवा वाटला. आवाजाची गोडी विचाराल तर माझं मत सेनहायझरला. अभंगात पखवाज, टाळ आणि गळा ज्याच्या त्याच्या जागी राहतात. सोनीत पखवाजाची थाप जरा फुगून येते. मोबाइलवरच्या अॅपमधून ती उतरवता येते, पण तेवढा खटाटोप घरातली वडीलधारी माणसं करणार नाहीत. अॅपलचा आवाज स्वच्छ आहे, तक्रारीला जागा नाही. पण किंमत साठ हजारांच्या घरात, आणि आयफोन नसेल तर त्यातल्या निम्म्या सोयी वाया. नुसती भाषणं ऐकायची असतील, माझ्यासारख्याची, तर शंभर रुपयांचा इअरफोन पुरे.

खरी परीक्षा आरामाची, आणि ती वातानुकूलित दुकानात होत नाही. सोनीचा २०२२ चा एक्सएम-५ आणि बोसचा क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा हे दोन्ही अडीचशे ग्रॅमच्या आसपास. सेनहायझरचा मोमेंटम-४ दोनशे त्र्याण्णव. अॅपलचा मॅक्स तीनशे पंच्याऐंशी; अर्ध्या तासात टाळूला त्याची जाणीव होते. पण आमच्याकडे वजनाहून मोठा शत्रू ऊन. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की कृत्रिम चामड्याच्या गादीखाली दहा मिनिटांत कान भिजतात आणि गादी काढताना चिकटलेल्या कातडीसारखी सुटते. अॅपलने तिथे विणलेलं कापड वापरलंय, त्याने थोडं सुसह्य होतं. चष्मा असेल तर आणखी एक भानगड: काडीमुळे गादी आणि कानशील यांच्यात फट राहते आणि तिथूनच बाहेरची घरघर आत शिरते. मऊ गादीचा बोस यात सर्वांत समजूतदार. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात मात्र सेनहायझरची साठ तासांची बॅटरी फार मोठी गोष्ट आहे. सोनीची तीस, बोसची चोवीस आणि अॅपलची वीस तास चालते. आणि हो, एक्सएम-५ ची घडी होत नाही. आधीच्या एक्सएम-४ ची व्हायची, २०२५ च्या एक्सएम-६ ची पुन्हा होऊ लागली. प्रवासाच्या पिशवीत बसायचंय, हे मधल्या काळात कुणीतरी विसरलं असावं.

इथवर मी जे सांगितलं ते सोलापुरातही खरं आहे आणि सांगलीतही. पुढचं फक्त आपल्या भागापुरतं.

खालच्या पट्टीतली घरघर हे हेडफोन सर्वांत चांगली गिळतात, असं मी म्हणालो. आपल्याकडे जमिनीतून येणारा आवाजही त्याच पट्टीतला असतो. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या परिसराला बारीक हादरे बसत राहिले. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने काय केलं ते मी या श्रोत्यांना सांगायला नको. त्यानंतर बावन्न गावं नव्या जागी वसली. दगड-मातीची माळवदं गेली, सरळ रस्त्यांची नवी गावठाणं आली. पण जमिनीतून गुडगुड आली की अंथरुणावर उठून बसणारी माणसं त्या नव्या घरांतही आहेत.

आपल्या पायाखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे. भूकंपानंतर संशोधनासाठी किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतला गेला, त्यात वरचे सव्वातीनशे मीटरहून अधिक हाच खडक लागला. धक्का उथळ असेल तर त्याच्या पहिल्या लाटेतले ऐकू येण्याजोगे कंप अशा कठीण खडकातून फारसे न मरता वर पोचतात आणि तिथून हवेत उतरतात. म्हणून लहान धक्का जाणवण्याआधी ऐकू येतो, कित्येकदा नुसताच ऐकू येतो. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत तेच झालं. किल्लारीपासून हे गाव साधारण तीस किलोमीटर. गावकरी आवाजांनी घाबरले, प्रशासनाकडे गेले, तेव्हा कुठे तज्ज्ञ आले; आणि पुढे तिथे बारीक धक्क्यांची नोंद झाली. आधी माणसांचे कान, मग यंत्र, असा तो क्रम होता. नांदेड-हिंगोलीकडच्या श्रोत्यांना २१ मार्च २०२४ ची सकाळ आठवत असेल, ४.५ तीव्रतेचा धक्का, आणि दहा-बारा मिनिटांत दुसरा.

मोठा धक्का आला तर हेडफोन असो-नसो, अंगाला कळणारच. आवाज आणि हादरा यांच्यात केंद्राजवळ एक-दोन सेकंदांचंच अंतर असतं, त्यामुळे कान उघडे ठेवल्याने जीव वाचेल असा दावा मी करत नाही. पण बारीक धक्क्यांची पहिली वर्दी आपल्या भागात कानांनीच दिलेली आहे, आणि झोपताना आवाज गिळणारं यंत्र डोक्यावर चढवणारा माणूस त्या वर्दीतून वजा होतो.

तेव्हा घ्यायचा तर घ्या. चष्मा लावणाऱ्याने बोस, गाण्याच्या वेड्याने सेनहायझर, घडी करून पिशवीत टाकणाऱ्याने नवा सोनी. आधी दुकानात अर्धा तास डोक्यावर ठेवा, मगच पैसे मोजा. एसटीत वापरा, दुपारी मळणी चालू असताना वापरा. रस्त्याने चालताना बाहेरचा आवाज आत सोडणारं बटण दाबायला विसरू नका. रात्री मात्र उशाजवळ ठेवा, कानावर नको. पावसाळ्यात आणि तो सरल्यावरच्या दिवसांत तर नकोच; किल्लारीचे आणि हासोरीचे हादरे याच दिवसांतले. आणि कधी जमिनीतून आवाज आला, तर वेळ घड्याळात पाहून कागदावर लिहा आणि सकाळी तलाठ्याला किंवा तहसील कार्यालयात कळवा.